पहिली ओळ

त्या वर्षी पाऊस आम्हाला विसरला होता. टाक्यांच्या तळाशी हिरवट पाणी उरलं होतं, ते आधी पिण्याला, मग चुलीला, आणि त्यातूनही उरलंच तर केवड्याच्या पानांना. समुद्रात भिजवून काढलेली पानं गोड्या पाण्यात नीट धुतली नाहीत तर मीठ तसंच राहतं, आणि मीठ राहिलं की चटया विणताना बोटं फाटतात. आम्हा सगळ्यांचीच फाटली होती. लोसालिनेची सगळ्यांत जास्त, कारण सगळ्यांत जास्त तीच विणायची. नवरा न्यूझीलंडला फळं तोडायला गेलेला. घरात ती, तिची दहा वर्षांची सिआले आणि नवऱ्याची म्हातारी मावशी विका. चर्चच्या मेळाव्यासाठी गावाने एक मोठी चटई द्यायचं कबूल केलं होतं आणि आम्ही बायका रोज सकाळी लोसाच्या पडवीत मांडी घालून बसत होतो.

अशा दिवसांत होडीतून कितिओने आला.

कितिओने म्हणजे लोसाच्या भावाचा मुलगा. जन्म इथला, पण बापाबरोबर राजधानीत वाढलेला, आणि आता शिक्षण खात्यात चिकटलेला. पोरांना वाचायला येतं की नाही हे तपासायचं त्याचं काम. खात्यातल्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं होतं की परका माणूस पाहून बेटांवरची पोरं बुजतात, तेव्हा प्रत्येक बेटावर त्याच बेटाचा माणूस पाठवावा. ऐकायला किती छान वाटतं. आमच्या मोतुहिफो बेटावर घराणी दोनच, आणि त्यातल्या एका घराण्यातल्या झाडून सगळ्या मुली कितिओनेच्या बहिणी लागतात, एवढं मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही. चुलत, मावस, आते असा भेद आम्ही करत नाही. बहीण ती बहीण. एका छपराखाली झोपायचं नाही, एकमेकांसमोर चावट बोलायचं नाही, अंगाच्या, कपड्यांच्या, परसाकडच्या गोष्टी तर ओठावरही आणायच्या नाहीत. पोर चालायला लागलं की हे त्याच्या अंगात भिनवायला सुरुवात होते.

आणि मान बहिणीचा. घरात आत्या आली की तिच्या शब्दापुढे शब्द नाही, आणि तिच्या मुलांना मामाच्या घरातलं जे हवं ते उचलायची मुभा. ह्या हक्काला आम्ही फाहू म्हणतो. सिआले सहा वर्षांची असताना एका लग्नात तिला कितिओनेचे नवेकोरे काळे बूट आवडले होते. तिने सरळ ते त्याच्या पायांतून काढून घेतले. तो तेव्हा कॉलेजात होता. अनवाणीच होडीत बसून परत गेला, आणि त्याच्या बापाने वर हसून हात जोडले. ते बूट बरीच वर्षं विका आजीच्या कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडले.

तर त्या संध्याकाळी लोसाने भाच्याला अळूच्या पानांतलं मांस आणि उकडलेली रताळी वाढली आणि सिआलेला दोन रात्रींसाठी आमच्याकडे झोपायला धाडलं. जाताना तिला बजावलं की भाऊ आलाय, त्याच्यासमोर मुलीच्या जातीला शोभेल असंच वाग. यात नवं काही नव्हतं. प्रत्येक आई हे सांगतेच.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. शाळेच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. कितिओनेच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं घड्याळ, मिनिटं लावून बटण दाबलं की चालू, वेळ संपली की वाजणारं, पुन्हा दाबलं की बंद. एकेक पोर आत जायचं. आधी अक्षरं, मग सुटे शब्द, मग एक छोटी गोष्ट, आणि खरे गुण गोष्टीचे. एक मिनिटात पोर किती वाचतं ते मोजायचं. पहिली ओळच कुणाला वाचता आली नाही तर पोराला जास्त ताणायचं नाही, प्रेमाने म्हणायचं, ‘छान. आपण इथंच थांबूया.’ हे वाक्यसुद्धा खात्याने छापून दिलेलं होतं. तेवढंच म्हणायचं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

सिआले दुपारी घरी आली. कोयता घेऊन केवड्याच्या बनात गेली आणि पानांचे काटे काढत बसली. आम्हाला वाटलं, उन्हाने दमली असेल. कितिओनेही त्या रात्री नीट जेवला नाही. लोसाने विचारलं तर म्हणाला, होडी लागली होती, अजून पोट ठिकाणावर नाही. सकाळच्या होडीने तो निघून गेला, आत्याच्या पायाशी बसून निरोप घेतला पण वर पाहिलं नाही.

पोरांना मात्र नवा खेळ मिळाला. नारळाची करवंटी दोरीला बांधून गळ्यात घालायची, दुसऱ्याच्या तोंडापुढे एखादं पान धरायचं, आणि तो वाचायला लागला की गोड आवाजात म्हणायचं, ‘छान. आपण इथंच थांबूया.’ सगळं गाव हसायचं. सिआले त्या खेळात कधी गेली नाही.

तीन-चार आठवड्यांनी इनोके मास्तर पडवीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात, हातातली टोपी फिरवत राहिले. हे मास्तर भले आहेत, पण खात्याचा कागद आला की वाचायच्या आधीच मान डोलावतात. त्यांनी सांगितलं की निकाल आलाय, आणि चौथीच्या पाच मुलींना वाचनात शून्य आहे. त्यात सिआले.

लोसा आधी हसली. रोज संध्याकाळी प्रार्थनेला बायबल कोण वाचतं ते साऱ्या गावाला माहीत होतं. विका आजीचे डोळे गेल्यापासून सिआलेच वाचायची, आणि अशी वाचायची की रस्त्याने जाणारा माणूस कुंपणाशी थांबावा.

मास्तर म्हणाले, तेही चक्रावलेत. दुकानदाराचा तानिएला, जो अजून बोट ठेवून एकेक अक्षर जुळवतो, तो पास. आणि वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला भोपळा. पण कागद तर कागद. खात्याने ठरवलंय की शून्यवाल्या मुलींना नव्या वर्षी मोठ्या बेटावर न्यायचं, तिथं वाचनाचा खास वर्ग आहे, वसतिगृह आहे, वर्षभर तिथंच राहायचं. लवकरच बाई येतील, आईबापांच्या सह्या घेतील.

लोसाच्या हातातलं पान तसंच राहिलं. तिचा मोठा मुलगा असाच शिकायला म्हणून बोटीत बसला होता, आता तो ऑकलंडला गोदामात काम करतो आणि नाताळात फोन करतो. ती मास्तरांना म्हणाली, “माझी मुलगी कुठं जाणार नाही.”

मास्तरांनी आवाज खाली आणला. त्यांचं म्हणणं, एक वाट आहे. त्या दिवशी मुलीला ताप होता असं लिहून द्या. ते शिफारस करतील, कदाचित पुढच्या वर्षी पुन्हा तपासतील. लोसाने विचारलं की तपासेपर्यंतचं वर्ष मग कुठं काढायचं. मास्तर म्हणाले, ते तर मोठ्या बेटावरच.

त्यांना परत पाठवून लोसाने पोरीला हाक मारली. आम्ही सगळ्या होतोच, पुरुष कुणी नव्हता. सिआले पानांची मोळी घेऊन आली, खाली बसली आणि एक पान गुडघ्यावर ओढून मऊ करू लागली. लोसाने सरळ विचारलं.

“अक्षरं वाचली,” ती म्हणाली. “शब्दपण वाचले सगळे. गोष्ट नाही वाचली.”

“का?”

“त्यात घाण होतं.”

“काय घाण?”

सिआलेने आमच्याकडे पाहिलं, मग आईच्या कानाशी गेली. लोसाची मान वर आली. तिने ते आम्हाला सांगितलं, आणि बायकाच होत्या म्हणून सांगू शकली. गोष्टीची पहिली ओळ होती, ‘मेले सकाळी उठून संडासला जाते.’ पुढे मेले हात धुते, साबण लावते, आजारी पडत नाही. आरोग्य खात्याने शिक्षण खात्याला दिलेली गोष्ट. स्वच्छतेची. आणि ही ओळ दहा वर्षांच्या मुलीने, बंद खोलीत, टेबलापलीकडे बसलेल्या भावाच्या तोंडावर, मोठ्याने म्हणायची.

विका आजी खो खो हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, पाणी द्यावं लागलं. लोसा हसली नाही. उरलेल्या चार मुली कोणाकोणाच्या ते आम्ही बोटांवर मोजलं. पाचही आमच्याच घराण्यातल्या, पाचही कितिओनेच्या बहिणी. दुसऱ्या घराण्यातल्या मुलींनी हीच ओळ घडाघडा वाचली होती, कारण त्यांचा तो कुणी नव्हता.

“मग तू काय केलंस?” लोसाने विचारलं.

“खाली बघितलं. दादानेपण खाली बघितलं. मग घड्याळ वाजलं. मग तो म्हणाला, छान, आपण इथंच थांबूया.”

“त्याला कळलं होतं?”

“त्याचे कान लाल झाले होते.”

लोसा उठली, मागच्या अंगणात गेली आणि समुद्रावरून आणलेली एक अख्खी मोळी एकटीने आपटून धुतली, त्या दिवशी वाट्याला आलेल्या सगळ्या पाण्यात. रात्री चूल पेटली नाही, आमच्याकडून कालवण गेलं. मला तिचा राग समजत होता. पोरीने चुकीचं काहीच केलं नव्हतं. आईने शिकवलं तसंच वागली होती, आणि त्याचीच शिक्षा म्हणून तिला आईपासून तोडायला निघाले होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रविवारी चर्चमध्ये सिआलेला धडा वाचायला उभं करायचे, ते पाद्रीबाबांनी न सांगताच बंद केलं. बहुधा त्यांनाही कागद दिसला होता. दुकानात गेली तर तानिएलाचा बाप साबणाची वडी पुढे करून विचारायचा की यावर काय लिहिलंय सांग बघू. तो मजाच करत होता. पोर वडी न घेता परत यायची. आणि पहिलीतली चिल्लीपिल्ली करवंट्या गळ्यात घालून तिच्या मागे फिरायची, ‘छान, आपण इथंच थांबूया,’ म्हणत. एकदा तिने एकाची करवंटी हिसकावून दगडावर फोडली. लोसा तिला रागावली नाही.

संध्याकाळचं बायबल मात्र चालू राहिलं. आता लोसा मुद्दाम दारं उघडी ठेवायची आणि पोरीला सांगायची, मोठ्याने. पार समुद्रापर्यंत जाऊ दे.

बाकीच्या चार आयांशीही ती बोलली. दोघी म्हणाल्या, वसतिगृहात निदान पाणी तरी मिळेल. एक म्हणाली, खात्याशी भांडून कुणाचं भलं झालंय. चौथी नुसती रडली. लोसाने कुणावर जोर केला नाही. घरी येऊन पुन्हा विणायला बसली, पण त्या आठवड्यातली तिची वीण इतकी घट्ट आली की शेवटी आम्हाला ती उसवून पुन्हा घालावी लागली.

मग बाई आल्या. हेलेनी त्यांचं नाव, राजधानीच्या, वर्ण सावळा, बोलणं गोड आणि चाल भराभर. त्यांच्याबरोबर कितिओने, गळ्यात तेच घड्याळ, कारण दोन मुलं तपासायची राहिली होती. होडी होती हेलेनीबाईंच्या थोरल्या भावाची. सेमिसी त्याचं नाव. ह्या बाजूच्या सगळ्या बेटांना तोच माल पोचवतो. बाई शाळेत शिरल्या तसा सेमिसी बाहेर पायरीवर बसला, पाठ दाराकडे करून. मास्तरांच्या बायकोने फराळ आणला तर बाईंनी आत खाल्लं, त्याने बाहेर. हे मी पाहिलं. लोसानेही पाहिलं.

लोसाने त्या दिवशी कमरेला तिच्या आजीची जुनी चटई बांधली होती, जी फक्त मयताला आणि राजाच्या माणसांपुढे जाताना बांधतात. सिआलेचे केस तेल लावून चापून बसवले होते. शाळेत आम्ही सगळे जमिनीवर बसलो. पाच मुली पुढे, आया मागे, गावातले दहा-बारा पुरुष भिंतीशी. बाई तेवढ्या खुर्चीत.

बाईंनी छान समजावलं, मी नाही म्हणत नाही. वाचता न आलेलं मूल पुढे कसं मागे पडतं, खास वर्गात किती काळजी घेतात, सुट्टीत घरी कसं पाठवतात. मग कागद पुढे केले. एका आईने सही केलीही.

लोसाने कागद हातात घेतला नाही. ती कितिओनेकडे वळली. “उभा राहा.”

कितिओने उभा राहिला. चोवीस-पंचवीसचा, सरकारी सदरा घातलेला माणूस, पण आत्याने उभा राहा म्हटल्यावर तो कसला बसणार.

“ह्या पाच जणी तुझ्या कोण?”

“बहिणी, आत्या.”

“त्यांना वाचायला येतं का?”

बाई मधे पडल्या, म्हणाल्या की तपासणाऱ्याला असं विचारणं नियमात बसत नाही. लोसाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“येतं,” कितिओने म्हणाला.

“मग गप्प का बसल्या, ते सांग बाईंना. तुला त्या दिवशीच कळलं होतं.”

त्याचे कान आताही लाल झाले. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की गोष्टीची पहिली ओळ भावासमोर वाचण्यासारखी नव्हती. त्याला कळलं होतं, पण विचारावं कसं. का वाचत नाहीस म्हणून विचारलं असतं तरी तेच तोंडावर आणल्यासारखं झालं असतं. आणि कागदावर दोनच रकाने, वाचलं किंवा नाही वाचलं.

“उठून बाहेर तरी जायचं होतंस,” लोसा म्हणाली. “माणूस उठतो अशा वेळी.”

“नोकरी नवी आहे, आत्या.”

भिंतीशी बसलेल्या पुरुषांत कुजबुज झाली. मला कितिओनेची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

हेलेनीबाईंनी कागद उलटून ती ओळ पाहिली आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की गोष्ट सगळ्या बेटांवर एकच असते, एका बेटासाठी बदलली तर तुलना कशी करणार. एका मुलाची एकदाच परीक्षा, गुण एकदा वर पाठवले की बदलत नाहीत. आणि खरं सांगायचं तर हे सोवळंओवळं आता फार झालं. राजधानीत भाऊबहिणी एका बाकावर बसून सिनेमा बघतात. “आज ही एका साध्या शब्दाला अडली,” त्या म्हणाल्या, “उद्या मुलाखतीला अडेल, दवाखान्यात अडेल. हिला पुढं जायचंय ना?”

हे बोलणं अगदीच पोकळ नव्हतं. मी माझ्यापुरतं थोडं हललेही. लोसा हलली नाही.

“केव्हा गप्प बसायचं ते तिला कळतं,” ती म्हणाली. “तुमच्या कागदाला कळत नाही. तर मग शिकवायचं कुणाला?”

“बाई, नियम मी केलेला नाही.”

“बरं. नियम सगळ्यांना सारखा ना?”

“सारखाच.”

लोसाने मान हलवली आणि सिआलेला म्हणाली, “ते घड्याळ तुझ्या मामाच्या घरचं आहे. हवंय तुला?”

सिआलेने आईकडे पाहिलं. मग उठली, पुढे गेली आणि हात वर केला. कितिओने खाली वाकला, दोरी डोक्यावरून काढली आणि घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, म्हणाल्या की ते खात्याचं आहे, सरकारी आहे. भिंतीकडून म्हातारा पेनी म्हणाला की त्याच्या गळ्यात होतं ते त्याचं, आणि त्याचं ते फाहूचं. यावर कुणाचं दुमत नव्हतं. कितिओनेचंही दिसलं नाही. त्याचा चेहरा होडीतून उतरल्यापासून पहिल्यांदा मोकळा झाला होता.

मग लोसा दाराशी गेली. पायरीवरच्या सेमिसीला तिने फार अदबीने आत यायची विनंती केली, म्हणाली, पाहुण्याला उन्हात बसवलं म्हणून गावाला नावं ठेवतील. त्याने आत बहीण आहे ते पाहिलं आणि घुटमळला. पण कमरेला तसली चटई बांधलेली बाई बोलावते म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. तो आत आला, दाराशी मांडी घालून खाली बघत बसला.

लोसाने गोष्टीचा कागद उचलला आणि दोन्ही हातांनी हेलेनीबाईंपुढे धरला.

“आमच्या पोरी अडाणी आहेत. त्यांना एकदा ऐकू दे कसं वाचतात ते. पहिली ओळच पुरे.”

बाईंनी कागद घेतला. तोंड उघडलं, आणि नजर दाराकडे गेली.

सिआलेने बटण दाबलं.

ते मिनिट फार लांब होतं. पत्र्यावर कोंबड्यांचे पाय वाजत होते. कुणी खाकरलं नाही. बाईंनी एकदा कागद चेहऱ्याजवळ आणला, एकदा ओठ ओले केले. त्यांच्या गळ्यावरून घाम कॉलरमध्ये उतरला. वाचायला येत नव्हतं असं नाही, बाईंनी परदेशात जाऊन दोन पदव्या घेतल्या होत्या. सेमिसी बिचारा जमिनीवरची मुंगी बघत होता.

घड्याळ वाजलं.

सिआले पुढे सरकली. बाईंच्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि पालथा टेबलावर ठेवला. खात्याने छापून दिलं होतं तसंच, तितक्याच गोड आवाजात, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, ती म्हणाली, “छान. आपण इथंच थांबूया.”

कुणी हसलं नाही. करवंटीवाली पोरं खिडकीत लोंबकळत होती, तीसुद्धा नाही. जिने सही केली होती ती आई उठली, टेबलावरचा आपला कागद घेतला आणि घडी घालून पोलक्यात कोंबला.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मास्तरांना म्हणाल्या की पाचही मुलींची परीक्षा पुन्हा होईल, त्या स्वतः घेतील, आज आणि इथं. गोष्ट दुसरी आणतील, पिशवीत कुत्र्याची एक आहे. नियमाचं काय ते त्या वर बघून घेतील. लोसाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, फाटक्या बोटांचा, आणि बाईंकडे बघून मान झुकवली, जशी बरोबरीच्या माणसापुढे झुकवतात.

सेमिसीने बाहेर आल्यावर विचारलं की आत नक्की काय झालं. त्याला कुणीच सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कसं.

दुपारनंतर होडी गेली, मुली न घेता. घड्याळही गेलं नाही. ते लोसाच्या पडवीत खिळ्याला आहे, सिआले ते कुणाला हात लावू देत नाही. केवड्याची पानं उकळायला ठेवली की तीच ते चालू करते, आणि वाजलं की चुलीत जाळ घालणाऱ्या आम्हा सगळ्यांना थांबायला सांगते.